दाराफाळणी

या वर्षी दसरा आणि आमची दाराफाळणी
एकाच दिवशी आली.
सिपोरा म्हणाली, अख्खं मिरज सीमा ओलांडणार
आणि आपण उंबरासुद्धा नाही.

आदल्या दिवशी, खंडेनवमीला,
ऊन असेतो जेवून घ्यायचं असतं,
आणि त्याच्याही आधी माणसांकडे जाऊन यायचं.
देवाचं देव बघतो,
माणसाचं माणसापाशीच फेडावं लागतं,
असं बाबा सांगत.
मी किती वर्षं निघतो निघतो म्हणत होतो.

मालगाव रोडला यल्लाप्पाचं घर.
मुलाच्या रिक्षाला झेंडूची माळ घालत होता.
"या की, झिराडकर साहेब." स्टूल पुसून दिलं.
मी बसलो नाही.
म्हटलं, त्र्याऐंशी साल. यार्डात दोन डबे घसरले ती रात्र.
केबिनमध्ये माझा डोळा लागला होता.
रजिस्टरात मी लिहिलं,
पॉइंट्समन जागेवर नव्हता.
तू होतास.
कंदील घेऊन माझ्याच खिडकीखाली ओरडत होतास.

यल्लाप्पानं गाठ मारली,
दातानं दोरा तोडला.
"कशाचं ओ साहेब, आता कुठं आठवतंय. पेढा घ्या."
मी पेढा घेतला.

घरी आलो. आधी ऊन पाणी, मग गार.
पांढरे कपडे, कपाटाच्या वासासकट.
सूर्य टेकायच्या आत सिपोरानं कडी घातली,
खिडक्यांचे खिट्टे एकेक ओढून पाहिले.
कॉलनीत एके काळी आमची सहा घरं होती.
पाच घरं विमानात बसली.
प्रार्थनेला दहा पुरुष लागतात;
आम्ही दोघं, त्यात एक बाई,
आणि एक गुडघा धड नसलेला.

पुस्तकात पापांची यादी आहे,
प्रत्येक पापाला छातीवर मूठ.
आम्ही खोटं बोललो. आम्ही निंदा केली.
सगळीकडे 'आम्ही'. 'मी' कुठेच नाही.
माझ्या रजिस्टरातही तो नव्हता.

यल्लाप्पा चार महिने निम्म्या पगारावर.
शेवंता कात्री घेऊन
दुसऱ्यांच्या द्राक्षबागेत विरळणीला उभी.
हे मला माहीत होतं. रोज दिसत होतं.
मी तेव्हा केबिनच्या खिडकीला पडदा लावून घेतला.

दिवस लांबतो.
जीभ टाळूला चिकटते.
शेजारी पुरणाचा वास सुटलाय,
सिपोरा भिंतीकडे तोंड करून पडलीय.
चारनंतर दारावर थापा सुरू होतात,
"काका, सोनं घ्या!"
मग कोणीतरी पोरांना दटावतं,
"अरे, त्यांचा उपास आहे. ठेव तिथंच."

उजेड पिवळा झाला तेव्हा
थाप नाही, नुसता खोकला.
"साहेब, उघडू नका.
आठवतंय मला. कालही आठवत होतं.
सणाच्या दिवशी नको म्हटलं, पोरगा समोर होता."
दाराला टेकलेल्या माणसाचा श्वास ऐकू येतो,
लाकूड पातळ आहे.
"माझं मी सोडलं.
पण शेवंताच्या वाट्याचं मला सोडता येत नाही.
तिला विचारायला पाहिजे होतं.
ती तर गेली, चार वर्षं झाली."
मग चप्पल सरकल्याचा आवाज.
"पान ठेवलंय."

मी कडीवर हात ठेवून उभा होतो.
काढली नाही.
नियम म्हणून, की भीती म्हणून,
हे लिहायला आता रजिस्टर नाही.

तीन चांदण्या दिसल्या.
शिंग फुंकायला कोणी नाही;
यार्डात शंटिंग चालू होतं, तेवढाच आवाज.
सिपोरानं दार उघडलं.
उंबऱ्यावर आपट्याच्या पानांचा ढीग,
काही पायांनी चुरगळलेली,
काही वाऱ्यानं पायरीखाली गेलेली.
यल्लाप्पाचं कुठलं, कळेना.

तासगावच्या काळ्या मनुकांचं सरबत
तिनं पेल्यात ओतलं.
म्हणाली, घे आधी, कोरड पडली असेल.
मी पायरीवर बसून होतो, चष्मा लावून.
म्हटलं, थांब,
अजून मोजतोय.